नानांच्या ताटातला भात

आश्विनात पाऊस मागे सरतो आणि रत्नागिरीच्या हवेला एक कोरडा, गोडसर वास यायला लागतो. पिकत आलेल्या भाताचा वास. मी राहते मिरजोळ्याच्या बाजूला. आजूबाजूला कारखान्यांच्या शेड आणि नव्या इमारती आहेत, पण मधल्या सखल जागेत कुणीतरी हट्टानं ठेवलेली चार खाचरं अजून आहेत. सकाळी फिरायला गेले की तिथं माझी पावलं आपोआप मंदावतात. लोंब्या वाकलेल्या असतात, पात्यांवर दव असतं आणि बांधावर एखादा बगळा आपलंच शेत असल्यासारखा उभा असतो.

परवा तिथंच, त्या बांधाशी उभ्या राहून, आमच्या फिरण्याच्या गटातल्या एक बाई म्हणाल्या, "मी पांढरा भात सोडला. कायमचा. विष आहे हो ते."

मी एकदम शेताकडे पाहिलं. घरातल्या माणसाबद्दल त्याच्यासमोरच कुणी वाईट बोलावं, तसं झालं मला.

"तुम्ही खाता अजून?" त्यांनी विचारलं.

"खाते. दोन्ही वेळेला," मी म्हणाले. माझी स्वतःची साखरही हल्ली काठावर आलेली आहे, तरी खाते. का आणि कसा, ते चालता चालता सांगण्यासारखं नव्हतं. ते सांगायचं तर नानांपासून सुरुवात करायला हवी.

नाना म्हणजे माझे सासरे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी साताऱ्याकडून लग्न होऊन या जिल्ह्यात आले. पावसच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमचं गाव. नवरा मुंबईला नोकरीला, आणि घरात मी, सासूबाई आणि नाना. मी बारावीपर्यंत शास्त्र शाखेत शिकलेली, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. पहिल्या दिवशी माझ्या पानात भात वाढला, त्यावर पुन्हा भात वाढला, आणि मी भाकरीची वाट बघत बसले. नाना हसले. "घाटावरची हाय ती. तिला वाटतंय, ह्या नंतर जेवान येनार हाय."

नानांनी उभं आयुष्य मुंबईत गोदीत काढलं होतं. पाठीवर पोती वाहिली, खोलीवर दहा-बाराजणांत राहिले आणि रेशनचा जाडा, खड्यांचा, कुबट वासाचा तांदूळ खाल्ला. "दात पडलं ते म्हातारपनानं नाय, रेशनच्या खड्यानं पडलं," असं ते सांगत. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी मळ्यातली पडीक खाचरं पुन्हा लागवडीखाली आणली आणि एकच चैन केली. आपलं भात गिरणीत नेऊन ते दोनदा सडून घेत. तांदूळ कसा, तर मोगऱ्याच्या कळ्यांसारखा पांढरा. ताटात त्याचा ढीग असे. ढिगाच्या माथ्यावर बोटानं खळगा करून त्यात ते आमटी ओतून घेत. आमटी बाजूंनी ओघळायला लागली की त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान येई, की बघणाऱ्यालाही भूक लागावी. गावजेवणात त्यांच्या पंगतीला बसायला पोरं धडपडत. नाना किती भात खातात यावर पैजा लागत आणि नाना कुणालाही निराश करत नसत. पोटभर पांढरा भात ही त्यांच्या लेखी जिंकलेली लढाई होती. हे मला तेव्हा नाही, नंतर उमगलं.

माझं तिथलं पहिलंच वर्ष. गौरी-गणपती होऊन गेले होते. मी ओटी सारवून बाहेर आले तर ओल्या सारवणावर नानांची पावलं उमटलेली, आणि प्रत्येक उजव्या पावलाशी रक्ताचा एक ठिपका. नाना माजघरात निवांत पान लावत बसलेले.

"नाना, पायाला लागलंय तुमच्या."

"कुनाच्या?"

त्यांना पत्ताच नव्हता. अंगठ्याखाली करवंदीचा काटा आरपार घुसून मोडला होता. भोवतालची जागा काळी-निळी पडली होती, आणि माणसाला वेदना नाही. मला त्या रक्तापेक्षा त्या नसलेल्या वेदनेची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं मी त्यांना रत्नागिरीला घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी काटा काढला, जखम धुतली आणि तपासणी करून सांगितलं, "मधुमेह आहे. बरीच वर्षं असणार. ही जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल. तिथं थांबलं तर नशीब. साखर खाली आणायची. गोळ्या घ्या. आणि जेवता काय?"

"भात," नाना म्हणाले.

"आणखी?"

"आनखी भात."

बाई हसल्या नाहीत. "ते बंद," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी बरंच सांगितलं. गोळी कधी द्यायची, पाय कसा धुवायचा, जेवणाच्या वेळा चुकवायच्या नाहीत. घाम फुटून अंग थरथरायला लागलं तर ताबडतोब साखर द्यायची. पण नानांच्या कानात शिरलं ते एवढंच: भात बंद.

परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातं पोटरीला आलेली, पोटात लोंबी धरलेली. हिरव्यागार खाचरांवर वारा फिरे आणि शेतं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळत. उतरताना नाना म्हणाले, "बंद म्हंजे बंद. उगाच दोन शितं खाऊन जीव जाळायचा नाय."

डॉक्टरीणबाईंनी साखर तपासायचं सामान दिलं होतं. काचेची नळी, निळ्या द्रावणाची बाटली, छोटा स्पिरिटचा दिवा. नळीत द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी असा रंग चढत गेला तर साखर तेवढी जास्त. कॉलेज सुटताना प्रयोगशाळेलाही कायमचा नमस्कार झाला असं मी समजत होते. ती अशी परत भेटली.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. "घरात मूत उकळनार? माज्या चुलीच्या घरात?"

"दिव्यावर उकळायचं, आई. चुलीवर नाही."

"दिवा तरी कुनाचा? घरचाच ना? गोठ्यात जा!"

म्हणून आमची प्रयोगशाळा गोठ्याच्या पडवीत मांडली गेली. एका बाजूला गाय रवंथ करतेय, दुसऱ्या बाजूला मी पदर खोचून चिमट्यात नळी धरून बसलेली आणि नाना दाराशी उभे. पहिल्या दिवशी नळी बघता बघता विटकरी झाली. अगदी आमच्या अंगणातल्या मातीसारखी. नानांनी वाकून पाहिलं. "ह्यो तर आपला जांभा दगड झाला गो," म्हणाले. मला हसू फुटलं नाही.

नानांचं जेवण मी हाती घेतलं आणि मनातून जराशी सुखावलेही. भात गेला, भाकरी आली. माहेरच्या अन्नाचा दिवस उजाडला असं मला वाटलं. नाचणीची, ज्वारीची, मिळेल त्या पिठाची भाकरी मी नानांच्या ताटात वाढू लागले. नाना ती मोडत, चघळत आणि अर्धी टाकून उठत. दोन-चार घास, पाणी, गोळी. तक्रार एक नाही. त्यांची गळ्याची हाडं दिसायला लागली. मी कुळथाची पिठी केली, सुकटीची चटणी केली. "चांगला झालाय," ते म्हणत आणि ताट बाजूला सारत. भाताशिवायचं ताट त्यांना दिसतच नव्हतं.

नव्याची पुनव आली. नव्या तांदळाची खीर देवापुढं ठेवून मग घरच्यांनी खायची, अशी ती कोकणातली पौर्णिमा. नानांनी स्वतः लोंब्या आणल्या, आंब्याच्या पानात गुंडाळून दाराला नवं बांधलं. सासूबाईंनी खिरीची वाटी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती उचलली आणि गोठ्यात जाऊन गायीच्या तोंडापुढं धरली. "खा गो बाय. तुला डॉक्टर नाय," म्हणाले. सासूबाई चुलीकडे तोंड करून बसल्या. त्या दिवशी आम्हा दोघींच्याही घशाखाली खीर उतरली नाही.

आणि मग कापणी. कोकणातली कापणी ज्यांनी पाहिली नाही त्यांना आश्विनातलं ते ऊन कसं सांगावं? पावसानं चार महिने दाबून ठेवलेली सगळी उष्णता एकदम डोक्यावर ओतली जाते. पायाखाली अजून चिखल आणि वर वैशाख. भाताच्या पात्यांनी हातांवर बारीक चरे पडतात, त्यांत घाम झोंबतो, कुसं मानेत शिरतात. पण विळ्याचा तो खर्र खर्र आवाज, सगळ्यांचा एका लयीत पुढं सरकणारा ओणवा घोळका, आणि मागं ओळीनं पडत जाणाऱ्या मुठी... मी पहिल्यांदाच विळा धरला होता. नाना बांधावर पाटावर बसलेले, पायाला पांढरी पट्टी.

"मूठ खालून धर गो! जमिनीला लागून काप. भाकरी थापल्यासारखी काय करतेस!"

सगळा मळा हसला. मीही हसले. मग बराच वेळ बांधावरून काही आवाज आला नाही, म्हणून मी वळून पाहिलं.

नाना पाटावरून एका अंगाला कलले होते. मी धावले. अंग घामानं थबथबलेलं आणि गार. हात थरथरत होते, डोळे माझ्याकडे होते पण मला बघत नव्हते. सासूबाई मागून धावत आल्या. कुणी म्हणालं, ऊन लागलं. कुणी म्हणालं, बाहेरचं काही असेल. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. सकाळी अर्धी भाकरीसुद्धा खाल्ली नव्हती आणि गोळी मात्र घेतली होती. कापणाऱ्यांच्या पाण्याबरोबर गुळाचा खडा ठेवलेला होता. मी तो उचलला.

सासूबाईंनी माझा हात धरला. "गूळ? साखरेचा आजार हाय त्यांना! मारायचाय काय?"

"आई, साखर उतरलीय त्यांची. सोडा मला."

"नाय सोडनार!"

घरात येऊन वर्षही न झालेली मी. सगळा गाव बघतोय. त्या क्षणी माझा अंदाज चुकला असता तर जन्मभर त्या घरात तोंड दाखवता आलं नसतं. तरी मी हात सोडवून घेतला. गूळ पाण्यात विरघळवला, नानांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओठांना भांडं लावलं. अजून घोट गिळण्याइतकी शुद्ध होती. एक घोट. आणखी एक. मग नानांच्या कपाळावरचा घाम हळूहळू सुकायला लागला, डोळे स्थिर झाले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मूठ खालून धरलीस काय?"

सासूबाई बांधावरच बसल्या आणि पदरात तोंड लपवून रडायला लागल्या. मीही रडले असेन. मला आठवतं ते एवढंच, की माझे हात गुळानं चिकट झाले होते आणि त्यांवर भाताची कुसं चिकटली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही रत्नागिरीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची ओढून नानांच्या समोर बसल्या. "तुम्हाला उपाशी राहायला कुणी सांगितलं?"

"तुमीच. भात बंद."

"माझंच बोलणं तोकडं पडलं," त्या म्हणाल्या. "ताटभर भात बंद, असं म्हणायला हवं होतं. आजोबा, भाताशी माझं भांडण नाही. भाताच्या ढिगाशी आहे."

मी मधेच म्हणाले, "मी भाकरीच देत होते, डॉक्टर."

"भाकरी म्हणजे काय औषध आहे? चार भाकऱ्या खाल्ल्या तरी साखर चढणारच. नाचणी चांगली, जरूर द्या, पण मोजून. भात एक वाटी. बरोबर कुळीथ, मासा, भरपूर भाजी. आधी भाजी-आमटी खायची, भात शेवटी. आणि तांदूळ इतका पांढरा करून आणू नका. कोंडा थोडा राहू द्या, फरक पडतो. पण खरा फरक वाटीनं पडतो, रंगानं नाही."

माझा माहेरचा तोरा तिथल्या तिथं उतरला. नाना मात्र ताठ बसले. "वाटीभर... रोज?"

"रोज. दोन वेळा."

परतीच्या गाडीत नाना सगळा रस्ता बोलत होते.

कमी सडलेल्या तांदळाचं नाव काढताच सासूबाई उसळल्या. "परत मुसळ माज्या हातात? गिरन आली तवा माजे खांदे सुटले. हातसडीचा तांदूळ चांगला म्हनतात ते कधी मुसळाखाली उभे ऱ्हायलेत काय?" हे त्यांचं म्हणणं मी आजही विसरलेले नाही. हातसडीच्या तांदळाची सुंदर पिशवी दुकानात दिसली की मला सासूबाईंचे खांदे आठवतात. तोडगा सोपा निघाला. गिरणीवाल्याला सांगितलं, एकदाच सडून दे. तांदूळ लालसर, जरा भरड आला. नानांनी मूठभर हातावर घेऊन तोंड वाकडं केलं. "रेशनचा दिसतोय."

"रेशनचा कसा? तुमच्याच मळ्यातला आहे," मी म्हणाले.

त्यांनी हातातले दाणे बोटानं पसरून पाहिले. "ता खरा," म्हणाले.

पहिली वाटी मी त्यांच्या ताटात उपडी केली तेव्हा घरात देवाला नैवेद्य दाखवताना असते तशी शांतता होती. आधी पडवळाची भाजी, मग कुळथाची आमटी, बांगड्याचा तुकडा. सगळं त्यांनी इमानदारीनं संपवलं. मग भात. एरवी घास तोंडात गेला की दुसरा तयार असे. त्या दिवशी नानांनी भात चावून खाल्ला. "गोड असतो गो भात," ते आश्चर्यानं म्हणाले. "इतकी वर्सं खाल्ला, पन चवच घेतली नव्हती."

त्यानंतरचे ते दिवस! बाहेर मळे पिवळे होऊन मोकळे होत होते. अंगणातल्या खळ्यावर झोडणी चालली होती. भारा फळीवर आपटला की दाणे पावसासारखे उडत, पेंढ्याच्या धुळीत उन्हाचे पट्टे दिसत. आणि गोठ्याच्या पडवीत माझी नळी रंग बदलत होती. विटकरीची नारिंगी झाली, नारिंगीची पिवळी. पिवळ्यावर तीन-चार दिवस अडून बसली. मी रोज जखम धुऊन पट्टी बांधत होते. काळी कड आत आत सरकत होती आणि मधून कोवळं, गुलाबी मांस वर येत होतं. मग नळी हिरवी झाली. पोपटी नाही, चांगली गडद हिरवी. सासूबाई आता पडवीच्या दारापर्यंत यायला लागल्या होत्या. नाकाला पदर लावून विचारत, "कुटला रंग?"

दिवाळीच्या फराळाची भाजणी भाजून झाली होती त्या सकाळी मी नळी दिव्यावर धरली. द्रावण उकळलं, बुडबुडे आले. मी वाट बघितली. खाली ठेवली, पुन्हा वाट बघितली. निळं. आधी होतं तसंच, स्वच्छ, निळं.

"नाना!" मी ओरडले. गाय दचकून उठली. "निळं आहे, नाना!"

सासूबाई पीठ लागलेल्या हातांनी धावत आल्या, पडवीत शिरल्या, आणि ज्या नळीचं नाव काढलं तरी नाक मुरडत होत्या ती चक्क हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरली. "समुद्रावानी हाय गो," म्हणाल्या. आणि मग आपण काय धरलंय ते लक्षात येऊन किंचाळल्या. नाना इतके हसले, इतके हसले, की भिंतीला टेकून खाली बसले. शेजारची माणसं काय झालं म्हणून बघायला आली. त्यांना काय सांगणार?

देवदिवाळीला गावजेवण होतं. जखम भरून आली होती, अंगठा शाबूत होता. नाना पंगतीला बसले तशी पोरं सरसावली. वाढप्या भाताची परात घेऊन आला, एक डाव वाढला आणि सवयीनं दुसरा उचलला. नानांनी पानावर आडवा हात धरला.

"पुरे."

पंगत थांबली. वाढप्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "नाना, पुरे?"

"पुरे म्हंजे पुरे. आमटी वाढ." आणि त्यांनी आजूबाजूच्या हबकलेल्या तोंडांकडे असं पाहिलं, की आजवर जिंकलेल्या सगळ्या पैजा त्या एका नजरेपुढं फिक्या पडाव्यात.

पुढच्या आषाढात लावणीच्या दिवसांत मी चिखलात रोपांच्या जुड्या टाकत होते. एकदम बायकांच्या हसण्याचा लोळ उठला. वर पाहिलं तर बांधावरून नाना येत होते. डोक्यावर इरलं, धोतर गुडघ्याच्या वर, आणि पायांत गुडघ्यापर्यंत येणारे काळे कुळकुळीत गमबूट. अनवाणी चालायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंचं फर्मान होतं. रत्नागिरीच्या बाजारात जाऊन त्यांनी ते स्वतः पसंत करून आणले होते. आमच्या गावात लावणीला गमबूट घालून उतरलेला तो पहिला माणूस.

"नाना, पलटनीत चाललाव काय?" पलीकडच्या खाचरातून एकजण ओरडला. "आनि येवढा भात लावताव कुनासाठी? तुमी तर वाटीभर खाताव!"

नाना चिखलात उतरले. एक बूट आत रुतला, त्यांनी तो फचकन उपसून पुढं टाकला, मग दुसरा. दोन्ही पायांवर नीट उभे राहिले. माझ्याकडे हात करून रोपांची जुडी मागितली आणि सगळ्या मळ्याला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "खाईन वाटीभर, पन लावीन मळाभर!"

आणि वाकले.